तेरा पाऊण पावणेदहा

चाळीसगावच्या माणसानं समुद्रावर बोलू नये, असं पुष्कळांचं मत आहे. ही मंडळी बहुतेक दादर-गिरगावकडची असतात. आमच्याकडे समुद्र नाही, हे मला मान्य आहे. आमच्याकडे तितूर नावाची एक नदी आहे, डोंगरी नावाची दुसरी आहे, आणि वर्षातले आठ-नऊ महिने दोन्ही नद्या मिळून एखादी म्हैस नीट बसू शकेल एवढंही पाणी जमवत नाहीत. गिरणा मोठी आहे, पण ती तालुक्यातून परस्पर निघून जाते. गावाला तोंड दाखवत नाही. तेव्हा पाणी या विषयावर आमचा अधिकार तो काय!

शिवाय चाळीसगावच्या माणसानं घर सोडूच नये, असा धडा एका फार मोठ्या माणसानं आम्हांला घालून दिला आहे. केकी मूस. जगभर नाव झालेला हा छायाचित्रकार स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यात राहिला तो १९८९ साली देह ठेवीपर्यंत. जवळजवळ पन्नास वर्षं. त्या काळात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे. जगाला गरज असेल तर जग येईल, गाडी इथं थांबते, असा खाक्या. मी मूससाहेब नाही. मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक पत्रिका आली आणि मी निघालो.

पत्रिका पाठवली होती भाच्यानं. त्याची बँक त्याला दर तीन वर्षांनी कुठं तरी नेऊन टाकते. या खेपेला अलिबागला टाकला होता. "मामा, मामीला घेऊन याच. समुद्रात बेट, बेटावर महोत्सव!" महोत्सवाचं नाव मी सांगत नाही, गावाचं नाही आणि बेटाचंही नाही. कारण आयोजक मंडळी मनानं चांगली होती आणि दुसरं म्हणजे त्यांतला एकजण भाच्याच्या बँकेचा मोठा ठेवीदार आहे. नावात 'भव्य', 'सागर' आणि 'महोत्सव' हे तिन्ही शब्द होते, एवढ्यावर भागवून घ्या.

कार्यक्रम असा होता. २०२२ चा मे महिना, शनिवार. सायंकाळी ६ वाजता दीपप्रज्वलन. ६.१५ मान्यवरांचं स्वागत. ६.३० मान्यवरांचं मनोगत. मग सजवलेल्या होड्यांची मिरवणूक, कोळीनृत्य, वाळूशिल्पांचं बक्षीस, खाद्यजत्रा आणि रात्री १० वाजता सांगता. तळाला बारीक अक्षरांत, 'बेटावर चालत जाता येते.' हे वाक्य खोटं नव्हतं. फक्त अर्धं होतं.

आम्ही तिघं गेलो. मी, सौ. आणि शेजारचे जिभाऊ. जिभाऊंचं वय सत्तरीपुढचं, पंधरा एकर कपाशी, आणि आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. "मरण्याआधी एकदा देखी लेऊ," म्हणाले. सौ.नं कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि शेवभाजीसाठी जाड शेव असा सरंजाम बरोबर घेतला. मी म्हटलं, "अगं, तिथं मासे असतील." ती म्हणाली, "मासे त्यांचे. शेव आपली."

बेट म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. काळ्या खडकाचा एक उंचवटा, वर पडका बुरूज, एक लहानशी देवळी, चार-दोन झाडं. किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत. दुपारी चारला आम्ही पोचलो तेव्हा मधली सगळी वाळू उघडी पडली होती आणि तिच्यावरून माणसं कापूस बाजाराला निघाल्यासारखी सरळ चालत होती. खुर्च्या बैलगाडीतून, जनरेटर ट्रॅक्टरमधून, भज्यांच्या कढया डोक्यावरून. जिभाऊ वाळूच्या मधोमध थांबले, पायाखाली पाहिलं, वर आलेल्या खेकड्याच्या बिळांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाऊ रस्ता परत येतांना बी राही ना रे भाऊ?"

आम्ही हसलो. मी तर त्यांच्या पाठीवर थापही मारली. खानदेशी शेतकरी! पाण्याचं नाव काढलं की घाबरतो!

सहाच्या सुमारास भाच्याचा चेहरा जरा उतरला. वाळूच्या रस्त्यावर कुणीतरी बादलीभर पाणी सांडल्यासारखं दिसत होतं. सव्वासहाला बादलीची विहीर झाली. साडेसहाला रस्ता नव्हता. प्रमुख पाहुणे आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सव्वासातला आले. ते किनाऱ्यावर. समई, तेल, वाती, काडेपेटी आणि पाचशे-सहाशे श्रोते बेटावर. मध्ये कमरेइतकं पाणी आणि त्याला ओढ. निवेदक मोठा धीराचा माणूस. "मान्यवर थोड्याच वेळात आपल्यात येत आहेत," असं त्यानं अकरा वेळा सांगितलं. मी मोजलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. शेवटी कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं म्हणून पाहुण्यांना मोबाईलवर लावलं आणि मोबाईल माईकला. भाषण आधीच लिहिलेलं असावं. कारण किनाऱ्यावर गाडीला टेकून उभे असलेले पाहुणे आम्हांला सांगत होते, "या रम्य बेटावर तुम्हां सर्वांसोबत उभा असताना मला..." पुढचं वाऱ्यानं नेलं.

इथवर गंमत होती. आठनंतर राहिली नाही. एका बाईचं सात महिन्यांचं मूल होतं. दुधाची बाटली गाडीत, गाडी किनाऱ्यावर. एक आजीबाई होत्या, त्यांची रात्रीची गोळी घरी. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या दोनशे आणि त्या मान्यवरांच्या टेबलावर. मग पाच-सहा पोरांनी एकमेकांचे हात धरले आणि "इतकंसं तर आहे!" म्हणत पाण्यात उतरली. ती पोरं पोहणारी होती. पण पोहणं वेगळं आणि अंधारात दोन खडकांमधून शिरणाऱ्या भरतीशी मारामारी वेगळी. मधला एकजण पालथा झाला. ओरडा झाला. सजवलेल्या होडीवरून एका म्हाताऱ्या नाखव्यानं दोर फेकला आणि चार शिव्या फेकल्या, आणि त्या दोन्हींना धरून पोरं वर आली. त्या रात्री जे काही वाजलं त्यात या शिव्या मला सर्वांत सुरेल वाटल्या.

पुढचं काम कोळ्यांनी केलं. होड्यांवर लावलेल्या पताका, फुगे आणि 'प्रायोजक' लिहिलेले फलक उचकटून बाजूला टाकले आणि माणसं भरायला सुरुवात केली. खेपेला वीस-पंचवीस. आधी बाया, पोरं, म्हातारी माणसं. सहा होड्या रात्री एकपर्यंत ये-जा करत होत्या. आयोजकांनी दर खेपेला टाळ्या वाजवल्या. डिझेलचं नाव कुणी काढलं नाही.

आमचा नंबर साडेअकराला लागला. नाखवा त्या मघाच्याच शिव्यांचा. मी शहाण्यासारखं विचारलं, "नाखवा, अहो, पाणी इतकं अचानक कसं आलं?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी पदवी परत करावीशी वाटली.

"अचानक? आज तेरस ना? मंग पावनेदाला पानी पुरा. ह्यात इचारायचं काय?"

"मग तुम्ही आयोजकांना सांगितलं नाही?"

"होड्या सजवाया सांगितल्या, सजवल्या. बायकांना नाचाया सांगितलं, त्या नाचल्या. पानी कवा भरतंय, ह्ये आमाला कुनी इचारलं नाय." थोडं थांबून म्हणाला, "जून लागला का बंदी. हे शेवटचे पंदरा दिवस. आजची रात ग्येली."

पाऊस धरला की माशांच्या प्रजननाच्या काळात यांत्रिक होड्यांना बंदी येते. ती १ जूनपासून. म्हणजे मे महिन्याचा उत्तरार्ध हा कोळ्याचा सुगीचा शेवटचा आठवडा. आमच्याकडे कपाशीची शेवटची वेचणी चालू असताना कुणी येऊन शेतकऱ्याला म्हणावं, "बैलांना झुली घाला, आम्हांला वावर महोत्सव करायचाय," तर तो काय करील? जिभाऊंना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते अहिराणीत छापता येण्यासारखं आहे, मराठीत नाही.

पण माझ्या डोक्यात नाखव्याचं ते 'तेरस म्हणजे पावणेदहा' घुमत होतं. आणि होडी किनाऱ्याला लागता लागता माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "तेरा पाऊण पावणेदहा!"

माझ्या पिढीतल्या वाचकांच्या आता पाठीत कळ आली असेल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी! आमचे आजोबा संध्याकाळी परवचा घेत आणि पाऊणकीला माझी गाडी हमखास रुळावरून घसरे. १९५७ साली नवे पैसे आले आणि या सगळ्या कोष्टकांचं दुकान बसलं. मला आठवतं, मी त्या दिवशी आजोबांना विजयी मुद्रेनं विचारलं होतं, "आता पाऊणकीचा काय उपयोग?" आजोबा म्हणाले होते, "पडेल कधीतरी." तो उपयोग मला पासष्ट वर्षांनी, रात्री साडेअकराला, भिजलेल्या धोतराच्या जिभाऊंशेजारी होडीत बसून कळला.

तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे गणित कोळ्यांची पोरं चालायला लागल्यापासून करतात. चंद्र रोज जवळपास पाऊण तास उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागून. अष्टमीला आठ पाऊण सहा, सहाला भरती. दशमीला साडेसात. पुनव-अवसेला हिशोब सव्वाअकराचा निघतो, प्रत्यक्षात बाराच्या आसपास, म्हणजे घटकाभर इकडेतिकडे. सकाळी एक, रात्री एक. मधल्या सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पुनव-अवसेच्या सुमाराला पाणी जास्त चढतं, ते उधाण; अष्टमीच्या सुमाराला कमी, त्याला भांग म्हणतात. झालं शास्त्र. याला सल्लागार लागत नाही, भिंतीवर कालनिर्णय लागतं. त्रयोदशीची ओहोटी साडेतीन-चारची, म्हणजे रस्ता फार तर साडेपाच-सहापर्यंत. आयोजकांनी उद्घाटन नेमकं रस्ता बुडण्याच्या मुहूर्तावर ठेवलं होतं. मुद्दाम ठरवूनही इतकं अचूक जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, भाच्याला प्रायश्चित्त घ्यायचं होतं म्हणून त्यानं आम्हांला अलिबागचा कुलाबा किल्ला दाखवायला काढलं. सौ. म्हणाली, "मी बेट पाहिलं." तिला मी म्हटलं, "आज चतुर्दशी. चौदा पाऊण साडेदहा. ओहोटी साडेचारला. आपण चारला जाऊ आणि साडेपाचला परत असू." चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे इतक्या आदरानं पाहिल्याचं मला स्मरत नाही.

कुलाबा हाही तसाच, दिवसातून दोनदा बेट होणारा. १६८० साली शिवाजी महाराजांनी याचं काम सुरू करवलं, ते संभाजी महाराजांच्या वेळी पुरं झालं, आणि पुढं कान्होजी आंग्र्यांनी इथं बसून युरोपातल्या आरमारांना घाम फोडला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड पाण्याची विहीर. जिभाऊंनी ओंजळभर पिऊन खात्री करून घेतली. आत गणपतीचं देऊळ, १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. माघी चतुर्थीला इथं गर्दी लोटते.

देवळाच्या पायरीवर बसलो असताना माझी नवी खोड स्वस्थ बसू देईना. चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनला भरती, मग ओहोटी नऊला. सकाळी नऊला! म्हणजे आंघोळ करून, हातात फुलं घेऊन, कोरड्या वाळूवरून दर्शनाला जायची वेळ. माघीच कशाला, कुठलीही चतुर्थी घ्या, विनायकी घ्या, संकष्टी घ्या, ओहोटी सकाळी नऊच्याच सुमाराला. आणि संकष्टीला चंद्रोदय पाहून निघालात तरी रात्रीची ओहोटी पुन्हा नऊच्या आसपासच. समुद्रातल्या किल्ल्यात देव ठेवायचा तर तो चतुर्थीचाच ठेवावा. योजना म्हणा, योगायोग म्हणा. याच देवळात रामनवमीची यात्रा असती तर? नऊ पाऊण पावणेसात, ओहोटी दुपारी एकला. रामजन्म बाराला. तेही जमलं असतं म्हणा. पण शनिवार? शनिवारची पाऊणपट किती? रविवारची? 'मे महिन्यातला दुसरा शनिवार' याला पाऊणनं कसं गुणायचं, ते मला कुणी तरी सांगा.

माझं भांडण इथं आहे. आणि आता मी थोडा आवाज चढवणार आहे, त्याबद्दल क्षमा.

पूर्वी आपल्याकडे जत्रा असत. आता महोत्सव असतात. आंबा महोत्सव, हुरडा महोत्सव, पतंग महोत्सव, साडी महोत्सव. आमच्या गल्लीत मागच्या वर्षी एका दुकानदारानं गाद्यांचा महोत्सव भरवला आणि तिथं कुणी झोपलंसुद्धा नाही. जत्रा आणि महोत्सव यांत लोक आकाराचा फरक समजतात. तो नाही. जत्रेला उद्घाटक नसतो. जत्रेची पत्रिका छापत नाहीत, तरी रेवड्यावाला, पाळणेवाला, बांगड्यांची कासारीण आणि खिसेकापू सर्व वेळेवर हजर असतात. का? जत्रेची तारीख कुणाच्या सवडीनं ठरलेली नसते. ती पिकानं, पाण्यानं, चंद्रानं ठरवलेली असते. महोत्सवाची तारीख मान्यवरांच्या डायरीतली मोकळी जागा पाहून ठरते. चंद्राची डायरी कुणी पाहत नाही, कारण त्याचा स्वीय सहायक फोन उचलत नाही.

नारळी पौर्णिमा घ्या. श्रावणातली पुनव. पावसाचा जोर ओसरायला लागलेला, होड्यांना नवा रंग, जाळी विणून झालेली. कोळी समुद्राला नारळ देतो आणि पुन्हा धंद्याला लागायची तयारी करतो. हा त्याचा सण. त्याच्या कामाच्या तोंडाशी आलेला. त्याच्या नाचाला म्हणून अर्थ आहे. तोच नाच मे महिन्यात, बंदी पंधरा दिवसांवर आलेली असताना, संध्याकाळच्या दुसऱ्या कार्यक्रमपत्रिकेत 'कोळीनृत्य (१० मिनिटे)' म्हणून लावायचा, त्याची होडी शोभेला घ्यायची, त्याची बायको व्यासपीठावर घ्यायची आणि त्याच्या डोक्यात जे चारशे वर्षांचं पाण्याचं वेळापत्रक आहे ते तेवढं घ्यायचं नाही, याला मी संस्कृतीचं जतन म्हणायला तयार नाही. हे म्हणजे सोनाराला बोलावून त्याच्याकडून भांडी घासून घेण्यासारखं आहे. वर ती भांडी त्याचीच.

भाचा आयोजकांची बाजू मांडत होता. ठेवीदार आठवत असावा. म्हणाला, "मामा, नोकरदार माणसाला तिथीला रजा कुठं मिळते? शनिवार-रविवारीच लोक येणार. लोक आले तर गावाला चार पैसे मिळणार." त्याचं म्हणणं मला मान्य आहे. घ्या ना शनिवार! वर्षाला बावन्न असतात. मे महिन्यातच चार. त्यांतला ज्या दिवशी संध्याकाळी ओहोटी आहे तो घ्या. चतुर्थी-पंचमीचा शनिवार घेतला असता तर रात्री नऊ-दहाला रस्ता उघडा मिळाला असता; बाया-पोरं पाय न भिजवता घरी गेली असती. एका पाऊणकीचं काम होतं. आणि येणाऱ्या चार पैशांतले दोन त्या सहा होड्यांच्या डिझेलला गेले असते, तर मी हा लेखच लिहिला नसता.

"आणि जत्रेत काय सगळं आलबेल असतं?" भाचा पुन्हा. इथं मात्र मी गप्प बसलो. मांढरदेवीच्या डोंगरावर २५ जानेवारी २००५ रोजी, पौषातल्या पुनवेच्या जत्रेत, जवळजवळ तीनशे माणसं चेंगरून आणि होरपळून मेली. तिथी बरोबर होती. वाट अरुंद होती. तेव्हा तिथी पाळली म्हणजे देव सगळं पाहून घेतो, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की ज्यांच्या अंगणात मांडव घालता, त्यांना आधी विचारा. वाट किती रुंद आहे, पाणी कधी येतं, गुरं कुठून जातात. हे सांगायला त्यांना मानधन लागत नाही. एक चहा पुरतो.

माझ्या या बोलण्यावर अलिबागला कुणी तरी म्हटलंच, "तुम्ही डोंगराकडची माणसं, तुम्हांला चंद्राचं काय कौतुक?" मग मात्र मी चाळीसगाव बाहेर काढलं. आमच्या गावापासून अठरा-वीस किलोमीटरवर, डोंगराच्या पोटात पाटणादेवी आहे. तिथं पाटण्याला एक शिलालेख आहे, शके ११२८ सालचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवांच्या सिंघण राजाचा ज्योतिषी. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं, त्याची ही नोंद. शेवटचा भाग तर जुन्या मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी हा लेख जगापुढं आणला. आता दानाची तिथी ऐका. श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाच्या वेळी. म्हणजे इकडं समुद्रापासून इतक्या लांब आमच्या डोंगरात, चंद्राचं गणित शिकवायला जमीन आणि उत्पन्न तोडून दिलं जात होतं तो दिवस, आणि कोळी नारळ सोडतो तो दिवस, एकच. चंद्र कोकणाचा आणि खानदेशाचा वेगळा नाही. आठशे वर्षांपूर्वी आम्ही त्याची शाळा चालवत होतो. आजोबांकडे ती पाऊणकीच्या रूपानं शिल्लक होती. माझ्याकडे ती पाठीवरच्या वळांच्या रूपानं आहे. भाच्याकडे मोबाईल आहे. त्यात भरतीची वेळ मिनिटासकट मिळते, पण ती बघायला लागते हे त्यात लिहिलेलं नसतं.

हे सगळं मी अलिबागेतच सोडून देणार होतो. दुसऱ्याच्या गावचं पाणी, आपण कशाला? पण परत आल्यावर महिनाभरात आमच्या गावातली काही उत्साही मंडळी घरी आली. भाच्यानं टाकलेले होड्यांचे फोटो त्यांनी पाहिले होते. (माणसं होडीत का बसली आहेत, ते फोटोत दिसत नाही. रोषणाई छान आली होती.) म्हणाले, "नाना, असं काही तरी आपल्याकडे व्हायला पाहिजे. तुम्ही स्वागताध्यक्ष." मी म्हटलं, "आपल्याकडे बंदर कुठं आहे?" "नदी आहे ना! पात्र मोकळंच पडलंय. मध्ये उंचवटा आहे, त्यावर स्टेज. दोन्ही बाजूंना खाद्यजत्रा. थोडं पाणी अडवून दोन होड्या सोडू."

तारीख विचारली. ऑगस्टचा शेवटचा शनिवार. मान्यवर तेव्हाच मोकळे होते.

जिभाऊ कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होते. त्यांचं घर नदीकाठचं. ३१ ऑगस्ट २०२१. आदल्या रात्री पाटणादेवीच्या आणि कन्नड घाटाच्या डोंगरांवर जो पाऊस कोसळला तो आमच्याकडच्या कुणालाही विसरता येणार नाही. घाटात दरडी आल्या, रस्ता बंद झाला, आणि आमच्या त्या तितूर आणि डोंगरी, म्हशीला बसायला न पुरणाऱ्या, पहाटे गावात शिरल्या. बाजारात पाणी, दुकानांत पाणी. तालुक्यातल्या गावागावांतून दावणीची गुरं दाव्यासकट गेली. जिभाऊंची एक गाय आणि दोन वासरं त्यांत होती. त्या दिवशी चाळीसगावात किती बेटं झाली, ती मोजायला कुणाला सवड नव्हती. समुद्र निदान सांगून येतो, दिवसातून दोनदा, पाऊणपट करून. आमची नदी तिथी पाळत नाही. ती वर्षानुवर्षं वाट पाहते, आपण तिच्या पात्रात टपऱ्या टाकतो, भराव टाकतो, आता स्टेज टाकणार.

जिभाऊंनी सुपारी तोंडात टाकली. "ऑगस्टमा नदीमा बठनार शेतस तुम्ही?" एवढंच म्हणाले.

खोलीत जरा शांतता झाली. मला वाटलं, पोचलं. मी संधी साधून म्हटलं, "बघा, गेल्या वर्षी याच आठवड्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. वरच्या गावांतल्या गुराख्यांना विचारा, नदीकाठच्या लोकांना विचारा. समजा, कार्यक्रम चालू असताना वर पाऊस झाला आणि पाणी आलं, तर काय करणार?"

चिटणीस तरुण होता, तयारीचा होता. त्यानं वहीत पाहिलं आणि माझी समजूत घालत म्हणाला,

"त्याची काळजी नको, नाना. मंडप वॉटरप्रूफच सांगितलाय."